रोही बघायला तिकीट

धपाटे रात्रीच करून ठेवायचे की पहाटे उठून, यावर आदल्या संध्याकाळी आमच्या घरात जी वादावादी झाली ती ऐकून एखाद्याला वाटलं असतं, ही मंडळी काशीला निघालीत. निघालो होतो सेलूहून संभाजीनगरला, सिद्धार्थ उद्यानातले प्राणी आणि मासे बघायला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. पण माणसं सहा. त्यात दोन म्हातारी, दोन लेकरं, आणि उरलेल्या दोघांतला एक जण (म्हणजे आमचे हे) पिशवी उचलण्यापलीकडं कशातच पडत नाहीत. शेवटी आत्याबाईंनी पहाटे चारला उठून धपाटे थापले आणि मग दिवसभर भेटेल त्याला "मी चारची उठलेली हाय" हे ऐकवलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

हे सगळं खूळ विराजचं. वय वर्षं पाच. त्याला मी एकदा सहज विचारलं, वाघ केवढा असतो रे? त्यानं दोन बोटांची चिमूट करून दाखवली, मग बोटं फाकवली आणि म्हणाला, "एवढा. आन असं केलं की एवढा." त्याचा वाघ मोबाइलच्या काचेतला, बोटांनी वाढणारा. त्याच रात्री मी यांना म्हणाले, दुकान एक रविवार बंद ठेवा, याला एकदा खरा वाघ दाखवून आणू. आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. रविवारी तसंही गिऱ्हाईक कमीच.

मामांचा म्हणजे सासऱ्यांचा मात्र नन्ना होता. जानेवारीचा महिना, हरभऱ्याचे घाटे भरत आलेले, आणि रोह्यांचा सुळसुळाट. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. आमच्याकडं तिला गाय म्हणायची कुणाची इच्छा होत नाही. दहा-बारा जणांचा कळप रात्रीतून शेतात शिरला की खातो थोडं आणि तुडवतो फार. मामा त्यासाठी सगळं करून बसलेत. बांधाला झटका मशीनची तार आहे. माळ्यावर रोज रात्रीची राखण आहे. फटाक्याची नळी आहे. शिवाय जुन्या साड्यांचं कुंपण आहे. वाऱ्यानं साड्या फडफडल्या की जनावर बुजतं म्हणतात. त्या रांगेत माझ्या लग्नातली एक नारिंगी साडीही आहे, हे मला फार उशिरा कळलं. तर, "मी एक दिवस नसलो तर काय होईल" या प्रश्नावर तोडगा निघाला तो बांधशेजाऱ्यानं. तो म्हणाला, गाडी लेट झाली तर रात्री मी तुमच्या माळ्यावर झोपतो, जा तुम्ही नातवाला घेऊन. मामा तयार झाले, पण तोंड पाडूनच.

धर्माबादहून मनमाडला जाणारी मराठवाडा एक्स्प्रेस सेलूला येते तेव्हा थंडीत स्टेशनवर सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत असतात. मुलांना तेवढंच पुरलं, दोघं सिगारेट ओढल्याचं सोंग करत बसली. जनरलच्या डब्यात जागा मिळाली. सातोना, उस्मानपूर करत गाडी परतूरच्या अलीकडं आली तशी आमची सई ओरडली, "आबा, हरणं!" ज्वारीच्या कडेनं खरंच दहा-पंधरा हरणं उभी होती, त्यात एक काळवीट. अर्धा डबा खिडक्यांकडं वळला. मामांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बघ बघ. फुकटात हायेत."

स्टेशनवर उतरलो. मामा अजून औरंगाबादच म्हणतात, रिक्षावालाही तेच म्हणाला, त्यामुळं दोघांचं लगेच जमलं. उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच आहे. शोधावं लागत नाही. बागेचं तिकीट वेगळं आणि प्राण्यांचं वेगळं. म्हणजे एका रांगेतून सुटलो की लगेच दुसरी रांग. रविवार असल्यामुळं दोन्हीकडं गर्दी होती. मागं एकदा आम्ही साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येऊन बंद दार बघून गेलो होतो. चूक आमचीच, कुणाला विचारलंच नव्हतं. तेव्हा इथं यायचं तर निघण्याआधी वाराची खात्री करून घ्या, एवढं माझं ऐका.

मी इथं पहिल्यांदा आले ती शाळेच्या सहलीत. माझं माहेर जिंतूरचं. अख्ख्या मराठवाड्यात प्राणिसंग्रहालय हे एकच, त्यामुळं परभणी काय, नांदेड काय, बीड काय, कुणाच्याही शाळेची सहल वेरूळ-दौलताबाद-मकबरा उरकून इथं टेकायचीच. तेव्हा इथं हत्तिणी होत्या, सरस्वती आणि लक्ष्मी, माय-लेकी. बाकी काय बघितलं ते आता आठवत नाही. एका हत्तिणीनं सोंडेनं पाठीवर धुरळा उडवला होता आणि आमच्या बाईंच्या पांढऱ्या साडीवर तो बसला होता, एवढं मात्र लख्ख आठवतं. सईला मी रस्ताभर हत्तीची गोष्ट सांगत आले होते आणि ती "हत्ती कुठंय" म्हणून मागं लागली. हत्ती नाहीत. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ साली ठरवलं की प्राणिसंग्रहालयात हत्ती ठेवायचे नाहीत, त्यांना चालायला मैलोन्‌मैल लागतं, पायाला साखळी बांधून ते जगणं नव्हे. पुढं या दोघी विशाखापट्टणमला गेल्या. सईला हे पटलं. मला ती जागा बघून उगाच हुरहुर लागली, पण ते मी बोलले नाही.

पहिल्यांदा वाघाकडं गेलो आणि तिथंच चुकलो.

अकरा-साडेअकराची वेळ, ऊन चढलेलं. पांढरा वाघ सावलीत आडवा पडला होता. आमच्या बाजूला त्याची पाठ, एक मागचा पाय आणि शेपटीचं टोक. तेही हलत नव्हतं. पुढं माणसांच्या चार रांगा. कुणी शिट्टी मारतंय, कुणी "ए शेरा" करतंय, एक बाप्या तर लेकराला खांद्यावर घेऊन स्वतःच डरकाळ्या फोडत होता. विराजला यांनी कडेवर उचललं. तो बराच वेळ गप्प बघत राहिला. मग त्यानं हात पुढं केला, हवेत दोन बोटं चिमटीसारखी जुळवली आणि फाकवली. पुन्हा जुळवली, पुन्हा फाकवली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मोठा होईना."

मला हसू आवरेना, पण ते लेकरू खरंच हिरमुसलं होतं. शेजारच्या रखवालदारानं बघितलं असावं. "ताई, आत्ता त्यांची झोपायची वेळ हाय," तो म्हणाला. "चारच्या पुढं या. खायाच्या टायमाला आपोआप उठतेत." संध्याकाळी त्यांना आतल्या खोलीत घेतात आणि तिथं मांस टाकतात, त्यामुळं त्या सुमाराला वाघ दारापाशी येरझाऱ्या घालायला लागतो. म्हणजे आमचा बेत उलटा झाला होता. दुपारच्या उन्हात सावलीतली ठिकाणं बघायची आणि वाघ शेवटी ठेवायचा, हे डोक्यात यायला पाहिजे होतं. पण शेवटी म्हणजे किती शेवटी? परतीची गाडी होतीच. हे हिशेब घालायला लागले. चारला वाघ, साडेचारला रिक्षा.

मग निघालो हरणांच्या बाजूला. चितळ, सांबर, काळवीट. मुलं बघत होती, मामा नुसते मागून येत होते. आणि एका जाळीपाशी ते थांबले. आम्ही पुढं गेलो, तरी ते तिथंच. मी परत आले तर जाळीच्या आत, पाच-सहा हातांवर, रोही.

नर होता. निळसर राखाडी, चकचकीत अंगाचा, खांद्याशी उंच आणि मागं उतरता. गळ्याखाली पांढरा डाग आणि त्याच्या खाली केसांचा झुबका, दाढीसारखा. पायांत खुरांच्या वर पांढरी कडी, चांदीचे तोडे घातल्यागत. शिंगं मात्र एवढ्या मोठ्या अंगाला अगदी वीतभर. तो रवंथ करत होता. जबडा एकदा इकडून, एकदा तिकडून. मामा जाळीला हात लावून त्याच्याकडं बघत होते आणि तो मामांकडं.

"मामा, चला की," मी म्हणाले.

"थांब जरा."

पुढं बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पंधरा वर्सं झाली मी ह्याला हाकलायलोय. पण उभा राहिलेला आज बघितला." रात्री बॅटरीच्या झोतात दिसतात ते हिरवे चमकणारे डोळे, आणि नंतर पळणाऱ्या पाठी. दिवसा दिसले तर लांब, टेकाडावर. एवढ्या जवळ, असं निवांत, कधीच नाही. "तोडे हायेत बघ पायात," ते म्हणाले. हे त्यांना माहीत नव्हतं. बाकी सगळं माहीत होतं. नर भांडतात तेव्हा पुढचे गुडघे टेकून भांडतात, लेंड्या रोज एकाच ठिकाणी येऊन टाकतात आणि तिथं ढीग साठतो, मादी तांबूस असते आणि तिला शिंगं नसतात, हे त्यांनी सईला तिथल्या तिथं शिकवलं. सई पाटी वाचत होती आणि मामा पाटीवर नसलेलं सांगत होते. मागं दोन-तीन कुटुंबं थांबून ऐकायला लागली तसे मामा लाजले.

इतक्यात आत्याबाई आल्या, रोह्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला. "अगं बाई. ह्याला बघायला तिकीट काढलं व्हय आपण?"

त्यावर मामा असे हसले की दिवसभराचं पाडलेलं तोंड तिथं सरळ झालं.

तरसापाशी आत्याबाईंची पाळी. त्यांच्या माहेरी लहानपणी तरस गावाच्या कडेला यायचं, ढोरं टाकायच्या जागी, आणि त्याचं ते हसल्यासारखं ओरडणं ऐकून पोरी गोधडीत तोंड खुपसायच्या. "मागून बसका असतो, लंगडल्यागत चालतो," असं त्या सांगत असतानाच ते उठलं आणि तसंच चालून दाखवलं. साळिंदर झोपलेलं होतं. मगर तोंड उघडून पडलेली, इतकी निश्चल की एक आजोबा छातीठोकपणे सांगत होते, प्लॅस्टिकची आहे. ती आ वासते ती अंगातली उष्णता घालवायला, कुणाला खायला नव्हे. पण लोकांना ते आव्हान वाटतं आणि मग खडे, नाणी, काहीही पडतं आत. बघून लाज वाटते.

इमू बघून आमचे हे दोन पावलं मागं सरले. याचं कारण कौटुंबिक आहे. यांच्या मावसभावानं दहा-बारा वर्षांमागं कर्ज काढून इमू पाळले होते. तेव्हा खूळच निघालं होतं, तेल विकलं जातं, अंडी विकली जातात, कंपनी परत विकत घेते. कंपनी एक दिवस गायब झाली आणि पक्षी उरले, रोज किलो-किलोनं खाणारे. त्या इमूंना चारा घालायला हेही जायचे. एकदा एकानं लाथ मारली, त्याची खूण अजून मांडीवर आहे. इमू आमच्याकडं मान वाकडी करून बघत होता आणि हे म्हणाले, "ह्यानं मला ओळखलं बरं का."

सापांच्या बाजूला गर्दी फार, काचेवर काच, उजेड कमी. धामण, नाग, घोणस, अजगर. एक बाई कुणाला तरी सांगत होती की मांडुळाला दोन तोंडं असतात. नसतात. शेपूट बोथट असते आणि डोक्यासारखी दिसते, एवढंच. त्या दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या भाकडकथेपायी आमच्या भागात पोती भरून मांडूळ पकडले गेलेत, लोक तुरुंगात गेलेत. मामा त्या बाईंना समजवायला निघाले होते, मी हात धरून पुढं नेलं.

मग झाडाखाली सतरंजी. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, तळलेली मिरची. याबद्दल जास्त लिहीत नाही, फक्त एवढंच की रात्री करून ठेवलेले असते तर ते वातड झाले असते. आत्याबाईंचंच बरोबर होतं आणि हे त्यांनी आम्हाला विसरू दिलं नाही.

मत्स्यालयात मात्र त्या येणारच नव्हत्या. गळ्यात माळ. पंढरीची वारी. घरात मासा कधी शिजलेला नाही. मामा बाहेर, शेतात, चूल मांडून दुधना नदीतली मरळ खातात, ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. "मला वास सहन व्हायचा न्हाई, तुम्ही या जाऊन," म्हणाल्या. कसला वास? आत काचेच्या पेट्या आहेत, बाजार नव्हे. पण त्या बाकावर बसून राहिल्या. आम्ही आत गेलो.

आत अंधार आणि गारवा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता पाण्याचा बुडबुड आवाज. मग एक-एक पेटी उजळत जाते. विराज पहिल्या पेटीला नाक लावून उभा राहिला. काचेवर त्याच्या श्वासाचं धुकं आणि त्या धुक्यापलीकडं एक लठ्ठ केशरी गोल्डफिश तोंड उघड-मीट करत त्याच्यासमोर थांबलेला. दोघांचे गाल एकाच लयीत चालले होते. मी फोटो काढायला मोबाइल काढला आणि परत ठेवला. अंधारात नीट येत नव्हता आणि फ्लॅश मारायचा नसतो.

मामांची बघण्याची तऱ्हा वेगळी. ते प्रत्येक पेटीपुढं थांबून आधी मनातल्या मनात त्या माशाचं कालवण करून बघत असावेत. "हा बारीक काट्याचा." "ह्यात काय न्हाई, नुसतं पंख." एंजल फिशकडं बघून म्हणाले, "पापडागत हाय." पण गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्याच कुळातला, चिनी लोकांनी हजारेक वर्षांपूर्वी साध्या मळकट माशातून रंगीत वेचून वेचून तयार केलेला, हे यांनी मोबाइलवर वाचून सांगितलं तेव्हा ते चमकले. "म्हंजे आपल्या देवणी बैलासारखं. निवडून निवडून केलेला." मला हे सुचलं नसतं.

एका पेटीत फायटर मासा एकटाच. बाकी पेट्यांत हवेचा पंप, इथं नाही. सईनं विचारलं, हा मरत कसा नाही? हा पाण्याच्या वर येऊन हवेचा घोट घेतो, डोक्यात त्याच्या त्यासाठी वेगळी सोय असते. आणि एकटा अशासाठी की दोन नर एका पेटीत ठेवले तर मरेपर्यंत भांडतात. मामांना हवेचा घोट लगेच कळला. "मरळ तसंच करती. ओल्या पोत्यात गुंडाळून बाजारात आणा, संध्याकाळपर्यंत जित्ती."

काचेला तोंड चिकटवून बसलेला काळा, खरखरीत सकर मासाही होता. पेटीतलं शेवाळ खातो म्हणून लोक घरी आणतात, तो हातभर वाढला की नको होतो, मग "बिचाऱ्याला सोडून देऊ" म्हणून नदीत टाकतात. उजनी धरणात कोळ्यांच्या जाळ्यांत हे सकर येतात. त्यांना भाव नाही, वर त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात. चिलापीनंही तिथं आधीच ठाण मांडलेलं. बाहेरून आणलेला मासा आपल्या पाण्यात सोडणं हे पुण्य नव्हे, एवढं सईच्या डोक्यात मी तिथं भरवलं. पुढं त्याचा उपयोग झाला.

बाहेर आलो तर बाकावर आत्याबाई नाहीत. काळजात धस्स झालं. हे इकडं, मी तिकडं. गर्दी, त्यांच्याकडं मोबाइल नाही, नातीच्या नावापलीकडं कुणाचा नंबर पाठ नाही. दहा मिनिटं गेली असतील, पण सांगता येत नाही कशी गेली. मग सई धावत आली. "आजी आतच हाय."

आम्ही एका दारानं बाहेर पडत होतो तेव्हा त्या दुसऱ्यानं आत शिरल्या होत्या. मोठ्या पेटीपुढं, पदर डोक्यावर, हात जोडून नव्हे पण जोडल्यासारखे धरून उभ्या. आत सात-आठ मासे एका दिशेनं जायचे, काय होतं कोण जाणे, सगळे एकदम वळायचे. आत्याबाईंचे डोळे त्यांच्याबरोबर इकडून तिकडं. मी काही बोलणार तर म्हणाल्या, "वास न्हाई गं." थोड्या वेळानं, "पापणी न्हाई व्हय ह्यांना?" माशांना पापणी नसते. "मग झोपतेत कसे?" उघड्या डोळ्यांनी. "देवाचा पहिला अवतार हाच," त्या म्हणाल्या, "आन मी बाहेर बसलते." त्यांना तिथून काढायला पाऊण तास लागला. वाघाला चार वाजता गाठायचा होता, तिथं पोचायला सव्वाचार झाले.

आणि वाघ उठलेला.

गर्दी दुपारपेक्षा कमी होती. तो भिंतीच्या कडेनं चालत होता, ठरावीक जागी वळत होता, पुन्हा चालत होता. पांढऱ्यावर तपकिरी पट्टे, नाक गुलाबी, डोळे फिकट निळे. विराज यांच्या कडेवर, या वेळी त्यानं बोटं फाकवली नाहीत. यांचा शर्ट मुठीत घट्ट धरला. वाघ वळला, आमच्याकडं पाठ केली, शेपूट वर उचललं आणि मागच्या खोडावर असा एक जोराचा फवारा मारला की पुढचे दोघं-तिघं ओरडतच मागं सरले. उग्र दर्प. विराज मोठ्यांदा म्हणाला, "वाघानं शू केली!" आणि सगळी गर्दी हसली. त्याच्या दृष्टीनं सहल तिथं वसूल झाली. आजही कुणी विचारलं तर वाघाची डरकाळी, पंजा काही सांगत नाही, हेच सांगतो.

ती शू नव्हे, हद्द आखायची खूण. रात्री गाडीत हे मोबाइलवर वाचून दाखवत होते की वाघाच्या त्या फवाऱ्यात बासमती तांदळाला ज्यामुळं सुवास येतो तेच द्रव्य असतं, रतनलाल ब्रह्मचारी नावाच्या बंगाली शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. आत्याबाई म्हणाल्या, मग तो तांदूळ घरात आणू नका.

पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, हे मलाही त्याच दिवशी कळलं. पट्टेरी वाघच, एका सुप्त जनुकामुळं रंग उतरलेला. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक आलं तरच पिल्लू पांढरं. १९५१ साली रीवाच्या महाराजांनी जंगलातून एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन, आणि आज जगभरात जे पांढरे वाघ पिंजऱ्यात आहेत ते बहुतेक त्याच्याच वंशातले. रंग टिकवायला नात्यानात्यात जोड्या लावल्या गेल्या, त्यातून तिरळेपणा आणि बाकीची दुखणी आली. सई म्हणाली, "म्हणजे गोल्डफिशसारखंच." मामांनी मान हलवली, पण या वेळी देवणी बैलाचं नाव काढलं नाही.

स्टेशनकडं जाताना विराजला रंगीत माशांचं दुकान दिसलं. मी नाही म्हणाले. हे नाही म्हणाले. आत्याबाईंनी कनवटीची शंभराची घडी काढली आणि दुकानदारापुढं धरली. विषय संपला. दोन केशरी गोल्डफिश, प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर हवा भरून रबर बांधलेली. दुकानदार बरा माणूस होता. त्यानं बजावलं, घरी गेल्यावर पिशवी तशीच पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, पाण्याचा गारवा सारखा झाला की मगच सोडा. नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवल्याशिवाय घालू नका. आणि खाणं चिमूटभरच, त्यांना पोटाची पिशवीच नसते, जास्त टाकलं तर मरतात.

परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याबाईंना कुणीतरी जागा दिली आणि त्या पिशवी मांडीवर घेऊन, वरून पदर झाकून बसल्या, तान्ह्या लेकराला घ्यावं तशा. जालन्याला चढलेल्या एका बाईनं डोकावून विचारलं, "कितीला किलो?" माळकरी बाईला हे विचारावं! आत्याबाईंनी पदर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या, परतूरपर्यंत.

घरी ना पेटी, ना पंप, वर लाइटीचा भरवसा नाही. पहिली रात्र पाण्याच्या घागरीत काढली. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, शेतातल्या हौदात सोडू, विहिरीचं पाणी आहे, ऐसपैस आहे. दुधनेत सोडायचं कुणीतरी सुचवताच सई अशी तुटून पडली की तो विषय पुन्हा निघाला नाही. जनावरं पितात तो सिमेंटचा हौद. तळाला शेवाळ, डासांच्या अळ्या. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली, विराजनं मोजायला येत नसताना मोजली. मग मासे सोडले. बैल पाण्याला आला, त्यानं तोंड बुडवलं, मासे खाली गेले. त्यानं तोंड काढलं, ते वर आले.

रोही आम्ही गेलो त्या रात्री आले नव्हते. दोन रात्रींनी आले. मामांनी नेहमीसारखी नळी वाजवली, हाकलले. सकाळी चहा पिताना म्हणाले, "नर मोठा होता. तोडे दिसले बॅटरीत." हरभरा किती गेला ते मी विचारल्यावर सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात हौदातला एक मासा खंड्यानं उचलला. मामांनी डोळ्यानं बघितलं, पंपाच्या तारेवर बसलेला होता, सरळ आला आणि घेऊन गेला. विराजला आम्ही सांगितलेलं नाही. तो रविवारी शेतात गेला की हौदाच्या कडेला पोटावर पडून मासे मोजतो. एक दिसतो. दुसरा खाली शेवाळात झोपलाय, डोळे उघडे ठेवून, असं येऊन आजीला सांगतो.